लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या

एमबीबीएसच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या हाती लॉगबुक पडेल, म्हणजे केलेलं काम नोंदवून त्यावर शिक्षकांची सही घ्यायची वही. मी ते सात महिने कपाटात टाकलं आणि परीक्षेच्या तोंडावर सह्या मागत व्हरांड्यात ताटकळलो. सर म्हणाले, "मार्चमध्ये तू काय केलंस ते मला आता कसं आठवणार?" बरोबरच होतं त्यांचं.

घरी येऊन कुरकुर केली, तर आजी हसायला लागली आणि पूर्वी डॉक्टर कसे घडायचे ते सांगू लागली. तिचे वडील इथल्याच, इंदूरच्या किंग एडवर्ड मेडिकल स्कूलचे एलएमपी, म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर. १८७८ ची ती शाळा. पदवी नाही, डिप्लोमा मिळायचा. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी ते सुचवणाऱ्या भोर समितीनं १९४६ मध्ये सांगितलं, डॉक्टरांत असे दोन दर्जे नकोत, एकच 'बेसिक डॉक्टर' घडवा. मग खेड्यात कोण जाणार, म्हणून समितीतल्याच काहींचा विरोध होता. (त्यांची शंका आजही जुनी झालेली नाही.) १९४८ मध्ये इंदूरला पदवी देणारं एमजीएम (महात्मा गांधी मेमोरियल) मेडिकल कॉलेज निघालं.

मावशीच्या वेळी एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षाचा. अ‍ॅनाटॉमी घोकायची, पेशंट नंतर. १९९७ च्या नियमांनी तो एक वर्षावर आणला, २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानं तेव्हा चौदा महिने केला. त्यात सुरुवातीची ओळख करून देणारा फाउंडेशन कोर्स आला (तेव्हा महिनाभराचा), पहिल्याच वर्षी वॉर्डात फेरी आणि रुग्णाशी बोलायचं कसं, याचेही तास. सिनियर त्याला टाइमपास म्हणतील. ऐकू नका, निदान स्थानिक भाषेचा तास तरी बुडवू नका.

मी बुडवला. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणखी काय लागतं? दुसऱ्या वर्षी फॅमिली अ‍ॅडॉप्शनसाठी, म्हणजे विद्यार्थ्यानं गावातल्या काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं त्या उपक्रमासाठी, मॅडमबरोबर गावात गेलो. एक काकी मालवीत, इथल्या बोलीत, म्हणाल्या, "जी घबरावे." मी कागदावर लिहिलं: चिंता. मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "काकी, पाण्याची घागर आणताना वाटेत थांबावं लागतं का?" दोनदा, काकी म्हणाल्या. मॅडमनी त्यांची खालची पापणी ओढून मला दाखवली. आतून पांढरीफटक.

'चिंता' खोडून मी 'धाप, फिकेपणा' लिहिलं, हिमोग्लोबिन तपासायची चिठ्ठी केली आणि तिथंच ओट्यावर लॉगबुक पुढे केलं. पेन मात्र मॅडमचंच घ्यावं लागलं.