सामायिक शीट कार्यालयात रुजवायची असेल तर

कार्यालयात गूगल शीट्स (सर्वांना एकाच वेळी उघडता आणि भरता येणारा ऑनलाइन तक्ता) किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखे एकत्र कामाचे साधन आणायचे ठरले की पहिला खर्च प्रशिक्षणावर होतो. माझ्या मते त्याआधी हे पाहावे की माहिती सध्या कोणाजवळ राहते आणि ती सर्वांसाठी खुली केल्यास त्या माणसाचे काय जाते. संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीतील लोटस नोट्स या माहिती वाटून घेण्याच्या सॉफ्टवेअरच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे बढतीसाठी सहकाऱ्यांतच चुरस होती आणि नोट्सवर घालवलेला वेळ ग्राहकाच्या बिलात लावता येत नव्हता. त्यामुळे एकत्र कामासाठी घेतलेले साधन बहुतेकांनी स्वतःच्या कामापुरतेच वापरले.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्रभागांच्या कारखान्यातही हेच दिसेल. कोणत्या पार्टीला किती माल गेला हे डिस्पॅच सांभाळणाऱ्या काकांच्या वहीत असते आणि त्या वहीमुळेच शेठ दिवसभर त्यांना हाक मारतात. नोंदी शीटवर गेल्या की आपली गरज उरणार नाही, ही काकांची भीती खरी असते. मात्र ती ‘मला कॉम्प्युटर जमत नाही’ अशा शब्दांत बाहेर पडते, म्हणून कितीही शिकवले तरी ती जात नाही. अशा वेळी शीट काकांच्याच हाती द्यावी. रकाने कोणते असावेत, ‘माल निघाला’ असे केव्हा लिहायचे, हे त्यांनी ठरवावे आणि इतरांनी त्यांना विचारून बदल करावा.

संशोधक जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले होते की अशी साधने फसतात, कारण कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा असतो. काकांनी गाडीचा आणि बिल्टीचा (मालवाहतुकीच्या पावतीचा) नंबर भरायचा असेल, तर हिशेबाच्या ताईंनी त्याच ओळीत ई-वे बिलाचा (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन दस्तऐवजाचा) नंबर भरावा, म्हणजे तो विचारायला जाण्याची काकांची वरच्या मजल्यावरची फेरी वाचेल.

सर्वांत कठीण भाग शेठांचा आहे. शीट सुरू झाल्यावरही ते फोन करून ‘राजकोटचा माल निघाला का?’ असे विचारत राहिले, तर कर्मचारी फोनसाठी वही आणि दाखवण्यासाठी शीट असे दुहेरी काम करतील व थोड्याच दिवसांत शीट ओस पडेल. म्हणून शेठांनी आधी शीट पाहावी आणि काही विचारायचे असेल तर तेथेच टिप्पणी लिहावी. वही बंद करण्याची तारीखही त्यांनीच जाहीर करावी. १ एप्रिल सोयीची, कारण त्या दिवशी हिशेबाचे वर्षही बदलते.

शीटच्या आवृत्ती इतिहासात, म्हणजे जुन्या बदलांच्या आपोआप राहणाऱ्या नोंदीत, कोणी, केव्हा, काय बदलले हे दिसते. जेथे चूक चारचौघांत काढली जाते, तेथे लोक याच कारणाने शीटला हात लावत नाहीत. चूक दिसल्यास संबंधिताला एकट्याला सांगावी, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा आणि वरिष्ठांनी तो मोडू नये. शिवाय वरिष्ठांनी स्वतःचा कच्चा मसुदा शीटवर ठेवून दुरुस्त्या मागाव्यात, कारण साहेबांच्या मजकुरावर आपणहून शेरा लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही.

टिप्पण्या मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत लिहिण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्यावी. इंग्रजी चुकेल या धास्तीने गप्प राहणारे अनेक असतात, आणि फोनवरील जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये या तिन्ही भाषांत बोलूनही मजकूर लिहिता येतो.