गावाकडचं जुनं घर राहण्याजोगं करताय? या चुका टाळा

जुनं घर हाती आलं की सगळ्यांचं लक्ष आधी रंग, फरशी आणि ओट्याकडे जातं. पैसाही तिथेच आधी संपतो. खरं तर ही अगदी शेवटची कामं. पहिल्यांदा पाणी बघायचं. वरून पडणारं, जमिनीतून भिंतीत चढणारं, प्यायचं आणि घराबाहेर जाणारं सांडपाणी. हे मार्गी लागल्याशिवाय आतल्या कामाला हात लावू नका.

छप्पर तसंच ठेवून आतून सुरुवात

१०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. पन्हळ तुंबलेली असेल तर यातलं बरंचसं थेट भिंतीच्या पायाशी जातं. गळती शोधताना लोक ओल्या डागाच्या बरोबर वर बघतात, पण पाणी वाशावरून ओघळत येऊन चार हात लांब टपकतं. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर भर दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावर थोडा वेळ थांबा. अंधाराला डोळे सरावले की फटींमधून उजेडाचे ठिपके दिसू लागतात. तिथे खडूने खुणा करा.

घराभोवतीची जमीनही तपासा. वर्षानुवर्षं माती साचून बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा वर आलेली असते. अशा वेळी महागडं वॉटरप्रूफिंग करण्याआधी ती माती उकरून काढा आणि उतार घरापासून बाहेर द्या. बरीचशी ओल तिथेच थांबते.

जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा

ही चूक आम्ही स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दगड-मातीची, चुन्यात बांधलेली भिंत थोडी ओल शोषते आणि कोरड्या हवेत ती सोडून देते. सिमेंटचा कडक थर ही वाट बंद करतो. अडकलेली ओल आणखी वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि थर सुटू लागतो. आमच्या मधल्या खोलीत दुसऱ्या पावसाळ्यातच भिंत फुगली. बोटाने दाबलं तर पोकळ आवाज यायचा, आणि पापुद्रा काढला की मागे पांढरी भुकटी. शेवटी सगळा गिलावा खरवडला, काही महिने भिंत उघडी ठेवून सुकवली आणि मग चुन्याच्या गिलाव्याचा हात दिला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, त्यामुळे घाई चालत नाही. थर पातळ द्या आणि कडक उन्हापासून जपा.

ओल नेमकी कुठली हे कळत नसेल तर हातभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले असतील तर हवा दमट आहे, म्हणजे वारा खेळता करा. प्लास्टिकच्या मागे आले असतील तर ओल भिंतीतूनच येतेय.

‘विहिरीला पाणी आहे’ यावर विश्वास

पाणी भर पावसाळ्यात बघू नका. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पातळी मोजा, तासभर पंप चालवा आणि पातळी परत यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्या. जंतू तर तपासाच, शिवाय नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिकही. हे तिन्ही चवीला कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे अनुक्रमे ५०, १.५ आणि ०.०१ मिलिग्रॅम आहेत. उकळून जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट वाफ उडून त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवणं धोक्याचं असतं.

सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जमीन रेताड असेल तर अंतर आणखी वाढवा. जुना खड्डा कुठे आहे हे विकणाऱ्याला तोंडी विचारून भागत नाही. झाकण उघडून बघा.

बाकीचं थोडक्यात

वायरिंग आणि नळ गिलाव्याच्या आधी. भिंत बुजवण्यापूर्वी मोजायची टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना त्यांचीच आठवण होईल. अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. लाकडी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा, वाळवी आणि कूज तिथे आधी लागते. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू, कापू किंवा घासू नका, कारण त्यांच्या धुळीने कर्करोग होतो.

आणि पूर्ण घराचं काम एकदम काढू नका. एक खोली, एक संडास, दिवा आणि कुलूप एवढं आधी तयार करा. पावसाच्या दिवसांत तिथे चार रात्री राहा. ऊन कुठून येतं, पाऊस कुठल्या दारातून आत मारतो, रात्री कुठे ठेचकाळायला होतं, हे पाहून मग ओट्याची जागा ठरवा.