हनुवटीला टाका घालण्याआधी

इंटर्नशिप संपत आली की पोरं विचारायला येतात, "मॅडम, एमडीएसला ओरल सर्जरी घेऊ का?" म्हणजे बीडीएसनंतरच्या दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया हा विषय. डोळ्यांपुढं असतं ते ऑपरेशन थिएटर. मी त्यांना आधी कॅज्युअल्टीतली माझी चूक सांगते.

एमडीएसचं पहिलं वर्ष. रात्री कॉल आला. पन्हाळ्याकडचा सात वर्षांचा मुलगा सायकलवरून पडलेला, हनुवटी फुटलेली. जखम धुतली, टाके घातले, पोराला वॉर्डात ठेवलं. टाके सुबक आले म्हणून मनातून खूशही झाले. सकाळी राउंडला सरांनी टाक्यांकडं बघितलंच नाही. पोराच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि म्हणाले, "बाळा, आ कर." आ होईना. जेवढं तोंड उघडलं, तेवढी हनुवटी उजवीकडं सरकली. हनुवटीवर बसलेला मार हाडातून वर जातो आणि कानापुढच्या सांध्याखाली, कॉन्डाइलच्या म्हणजे खालच्या जबड्याच्या वरच्या गोल टोकाच्या बारीक मानेशी हाड मोडतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. समोर पोर रडत असताना आठवलं नाही. लहान वयात असं फ्रॅक्चर निसटलं तर पुढं सांधाच हाडानं जखडू शकतो. मग तोंड उघडत नाही आणि खालचा जबडा नीट वाढत नाही.

तर पहिला धडा: हनुवटीला टाका घालण्याआधी कानापुढं बोट ठेवा.

लोक आपल्याला दाताचे डॉक्टर म्हणतात. नव्या मुलांना ते झोंबतं. मला नाही झोंबत, कारण चेहऱ्याच्या अपघातात आपण सोबत घेऊन जातो ती जाण दातांचीच. "पडल्यापासून दात जुळंनात झालेत," हे पेशंटचं वाक्य एक्स-रेइतकंच मोलाचं. सोबत खालचा ओठ बधिर असेल, तर खालच्या जबड्यातल्या नसेजवळ हाड मोडलंय का ते बघायचंच. ऑपरेशनमध्येही आधी आर्च बार, म्हणजे दातांच्या रांगेला तारेनं बांधायची धातूची पट्टी, बांधून वरचे-खालचे दात मूळ जागी जुळवायचे, मगच हाड धरून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या प्लेटा. हाड बघून प्लेट आधी मारली तर एक्स-रेची फिल्म देखणी येते आणि माणसाला भाकरी चावता येत नाही. दात जुळवायचे म्हणूनच भुलीची नळी नाकातून घालायला सांगतो.

पण त्याच्याही आधी श्वास. उसाचा हंगाम सुरू झाला की मागं रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात आणि बिनहेल्मेटची पोरं त्यांच्यावर जाऊन आदळतात. खालचा जबडा पुढच्या भागात दोन्ही बाजूंनी मोडला की जिभेचा आधार जातो आणि जीभ मागं पडते. तेव्हा फ्रॅक्चर कुठलं याची चर्चा नको. जीभ पुढं ओढा, रक्त सक्शन करा, भूलतज्ज्ञाला बोलवा. डोक्याला मार नाही ना, दोन्ही डोळ्यांनी दिसतंय ना, हे झाल्यावर जबडा. तो दोन दिवस थांबू शकतो.

न थांबणारं आणखी एक म्हणजे दाढेतून पसरलेला पू. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी टणक सूज, जीभ वर उचललेली, थुंकी गिळता येईना, असा पेशंट "सकाळी या" म्हणून घरी पाठवायचा नाही.

दात तारेनं बांधलेला पेशंट वॉर्डात गेला की उशाशी वायर कटर टांगा आणि कुठली तार कापायची ते रात्रपाळीच्या सिस्टरला दाखवून ठेवा. उलटी झाली तर तुम्ही पोचेपर्यंत वेळ नसतो.

ओपीडी कंटाळवाणी वाटेल, पण खरी नजर तिथंच तयार होते. कोल्हापूरच्या माणसाला तिखट सोसेना झालं की मी कान टवकारते. "पयलं तांबडा रस्सा वाटी-वाटी प्यायचो, आता घोटभर पन झोंबतोय." खिशात सुपारी-तंबाखूच्या माव्याची पुडी असतेच. त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा. दोनच गेली तर सुपारीनं गालाची आतली कातडी आवळायला घेतली आहे असं समजा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर लगेच बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. माव्यावर भाषण देऊ नका, ते तो घरी रोज ऐकतो. बोटं किती गेली ते कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला पुन्हा मोजा.

फाटलेले ओठ-टाळू, जबड्यातल्या गाठी, पुढं आलेला जबडा मागं घेणं हे सगळं तीन वर्षांत दिसेल. स्वतःचा दवाखाना टाकल्यावर मात्र बरेच दिवस अक्कलदाढाच काढाल. त्याची तयारी ठेवा.

त्या पोराचं ऑपरेशन करावं लागलं नाही. त्या वयात बहुतेकदा पातळ खाणं, तोंड उघडण्याचा व्यायाम आणि पुढं कैक महिने नजर ठेवणं, यावर भागतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरायची आणि जमेल तशी एकेक वाढवायची. आजी काड्या रुमालात बांधून आणायची आणि माझ्या टेबलावर मोजून दाखवायची.

"अठरा झाल्या, बाई. अजून पायजेत म्हनतोय. आइस्क्रीमच्या नादानं."