ब्रेस्ट लिफ्ट करून गावी आल्यावर या चुका टाळा

ब्रेस्ट लिफ्ट म्हणजे सैल पडलेलं स्तन वर घ्यायचं ऑपरेशन. ते नागपुरात नीट होतं आणि टाके गावात उसवतात. बिघाड बहुतेक वेळा असाच होतो, आणि तो दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात होतो. कारण साधं आहे. दहा-बारा दिवसांत कातडी वरून मिटते, दुखणं कमी होतं, घरच्यांना बाई ‘बरी झाली’ असं वाटतं. पण मिटणं वेगळं आणि भरून येणं वेगळं. तीन आठवड्यांनी त्या जागेला मूळ कातडीच्या जेमतेम पाव ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, आणि पूर्वीइतकी कधीच होत नाही. खालच्या बहुतेक चुका या पाव ताकदीच्या काळातल्या आहेत.

टाके कुठे असतात तेही समजून घ्या. सैल पडलेलं स्तन जास्त वर घ्यायचं असेल तर एक चीर स्तनाग्राभोवती गोल, दुसरी तिथून सरळ खाली आणि तिसरी स्तनाखालच्या घडीत आडवी असते. उभी आणि आडवी रेषा जिथे मिळते तिथे कातडीवर सगळ्यांत जास्त ताण असतो आणि रक्त सगळ्यांत कमी पोचतं. उसवलं तर पहिल्यांदा तिथेच उसवतं. स्तन कमी करायच्या ऑपरेशनलाही हेच सगळं लागू आहे.

काय झालं ते लपवणं

पहिली चूक जखमेशी नाही, लाजेशी आहे. ‘छातीचं ऑपरेशन’ म्हटलं की गल्लीत कॅन्सरची कुजबुज सुरू होते, म्हणून बाई कोणाला काही सांगतच नाही. मग सासूबाईंना कळत नाही की ही पाणी का भरत नाही, आणि चौथ्या दिवशी पाण्याचा गुंड कमरेवर येतो. सगळं सांगायची गरज नाही. ‘छातीला टाके आहेत, डॉक्टरांनी दीड महिना वजन उचलू नको म्हणून सांगितलं’ एवढं पुरतं. हे वाक्य नवऱ्याने किंवा आईने सांगितलं तर जास्त चालतं, हेही खरं.

परतीचा प्रवास

नागपूरहून यवतमाळ किंवा गडचिरोली दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आणि त्यापुढे गावचा रस्ता. पहिल्या एक-दोन दिवसांत आतून रक्तस्राव व्हायचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून सुटी मिळाली तरी दोन रात्री शहरात नातेवाइकाकडे काढा. एसटीत उभं राहून, दांडा धरून किंवा मोटारसायकलवर मागे बसून येऊ नका. गाडी करा. सीट बेल्ट काढून टाकू नका, छाती आणि बेल्ट यांच्यामध्ये मऊ टॉवेलची घडी ठेवा. दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला. पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसलं की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते.

खाली निजणं आणि हाताला धरून उठवणं

पहिले दोन-तीन आठवडे पाठीवरच झोपायचं, डोक्याकडची बाजू तीस-चाळीस अंश वर. सुतळीची बाज यासाठी वाईट, कारण ती मधे झोळ खाते आणि झोपेत माणूस कुशीवर वळतो. लाकडी पलंगावर दोन-तीन गोधड्यांच्या घड्या आणि त्यांवर उशी असा उतार करा, दोन्ही बाजूंना एकेक उशी लावा. गुडघ्यांखालीही एक ठेवली तर खाली सरकणं थांबतं.

जमिनीवर निजलं की उठताना दोन्ही तळहातांवर भार येतो आणि तो थेट छातीच्या स्नायूंवर जातो. पलंगावरून उठतानाही आधी गुडघे वाकवा, पाय खाली सोडा, मग मदत करणाऱ्याने पाठीमागे हात घालून वर ढकलावं. दंडाला धरून ओढणं, जे प्रेमाने सगळेच करतात, ते नको.

गुंड, हातपंप, भाकर

पंधरा लिटरच्या भरल्या गुंडाचं वजन पंधरा किलो आणि वर भांड्याचं वेगळं. पहिले दोन आठवडे दोन किलोच्या वर काही नाही, म्हणजे एक भरलेला तांब्या चालेल, कळशी नाही. सहा आठवडे भरलेली बादली, धान्याचं पोतं, सरपणाची मोळी, रांगतं लेकरू काहीच उचलायचं नाही. लेकराला खाली बसून मांडीवर चढू द्या.

वजन नसलेली कामंही फसवी असतात. हातपंपाचा दांडा दाबणं, पाट्यावर वाटणं, भाकर थापणं, कपडे आपटणं, आंगण शेणाने सारवणं या सगळ्यांत छातीचा स्नायू पुन्हा पुन्हा आखडतो. आठवड्यानंतर उभ्या ओट्यावर वरण-भात शिजवायला हरकत नाही, पण कणीक दुसऱ्याने मळावी. उलट टोकाची चूकही होते. हात अंगाशी घट्ट धरून ठेवला की खांदा जखडतो. खांद्याच्या उंचीपर्यंत हात रोज हलवा, वेणी घालताना कोपर अंगाशी ठेवा.

निंदण सहा आठवड्यांनंतर. कापूस वेचायला आठ, कारण ओटीत वजन हळूहळू वाढत जातं आणि लक्षात येत नाही.

तारीख ठरवतानाच हा हिशेब करा. आमच्या मते शेतीच्या घरी फेब्रुवारीची सुरुवात सगळ्यांत बरी: वेचणी उरकलेली असते, ऊन तापायचं असतं. हरभरा सोंगायला माणूस लावावा लागेल, ते पैसे ऑपरेशनच्या खर्चातच धरा.

‘सिगारेट पिता का?’ ‘नाही.’

भूल देणारे डॉक्टर विचारतात, बाई खरंच नाही म्हणते, आणि कागदावर ‘नाही’ लिहिलं जातं. खर्रा, गुडाखू, मिश्री यांचं कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. पण रक्तवाहिन्या आवळतो तो धूर नव्हे, निकोटीन. या ऑपरेशनमध्ये स्तनाग्र नव्या जागी बसवतात तेव्हा ते आतल्या एका अरुंद पट्ट्यातून येणाऱ्या रक्तावर जगतं. तो पुरवठा आवळला तर स्तनाग्राची कातडी काळी पडून मरू शकते. तंबाखू कुठल्याही रूपात असो, ऑपरेशनआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद. दात घासायची मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. पूर्ण सुटत नसेल तर ऑपरेशनआधी तसं स्पष्ट सांगा. तारीख पुढे ढकलणं परवडतं.

कातडीवर निळे-पिवळे डाग दिसले तर घाबरू नका, ते उतरतात. पण स्तनाग्र किंवा त्याभोवतीचा गडद भाग जांभळा-काळा पडला, थंड लागला, त्यावर फोड आले, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका.

ऊन, घाम आणि ब्रा

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, कातडी ओली राहून पांढरी, लिबलिबीत होते आणि आडवा टाका तिथेच सुटतो. कूलरची ओल यात भर घालते.

सर्जिकल ब्रा समोरून उघडणारी, बिनतारेची, रात्रंदिवस चार ते सहा आठवडे. किमान दोन हव्यात. एकच असली की ती ओलीच अंगावर चढते. रोज धुवा, कडक उन्हात वाळवा. खालचा पट्टा टाक्याच्या रेषेवर रुतत असेल तर घडीत जुन्या धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला. पावडर अजिबात नको, ती घामात भिजून जखमेत गोळे करते. ब्रा महाग पडते म्हणून छाती पदराने किंवा क्रेप पट्टीने आवळणं चूक: रक्तही अडतं आणि श्वासही. तारेची ब्रा तीन महिन्यांनंतर.

हळद, राख, डेटॉल

हळद, तूप, कोरफड, चुना, चुलीची राख, काहीही टाक्यावर जाऊ देऊ नका. घरात मायेने लावलेल्या हळदीत मसाल्याच्या डब्याचे जंतूही असतात. तसंच बाटलीतून थेट ओतलेलं डेटॉल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशी जाळतं.

डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी दिल्यावर, साधारण दोन दिवसांनी, विहिरीचं पाणी उकळून गार करा. पाठीवरून घ्या, साबणाचा फेस पुढे नुसता ओघळू द्या, आणि स्वच्छ कापडाने टिपा, पुसू नका. नदी, कालवा, तळं सगळं भरून येईपर्यंत बंद. टाक्यांवरच्या कागदी पट्ट्या आपोआप गळू द्या.

घरी निघतानाच एक प्रश्न विचारून उत्तर कार्डावर लिहून घ्या: टाके विरघळणारे आहेत की काढायचे? नाहीतर गावातला कोणीतरी उत्साहाने विरघळणारे टाके उपटतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोऱ्याचं टोक वर आलं तर ओढू नका, नर्स ते कातडीलगत कापेल.

उभी-आडवी रेषा मिळते त्या कोपऱ्यात अर्धा सेंटीमीटरचं तोंड उघडलं, थोडा पिवळसर पाझर आला आणि ताप नाही, तर असं बऱ्याच जणींना होतं. सर्जनला फोन करून कळवा, रोज निर्जंतुक सलाइनने ओलं केलेल्या गॉजची ड्रेसिंग करून घ्या. दोन ते चार आठवड्यांत ते भरतं. जवळच्या दवाखान्यात पुन्हा टाका घालून घेऊ नका. आत जंतू असतील तर ते कोंडले जातात.

औषधं आणि पथ्य

पॅरासिटॅमॉल ६५० ची एकेक गोळी मध्ये सहा तासांचं अंतर ठेवून घ्या. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं, ते मोजायला विसरू नका. दिवसाची एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या ‘पॉवरफुल’ गोळ्या नकोत, त्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि स्टेरॉइडने जखम भरणं मंदावतं. दुखण्यावरच्या ट्रामाडॉल गोळीने शौचाला घट्ट होतं आणि कुंथण्याने छातीवर ताण येतो. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, रात्री कोमट पाण्यात इसबगोल. अँटिबायोटिक बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

‘अंडं खाल्लं की पू होतो, डाळ बाधते’ हे ऐकून बाईला आठवडाभर साबुदाणा आणि चहावर ठेवतात. टाके प्रथिनांनी भरतात. वजन ५५ किलो असेल तर दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम लागतात. दोन अंडी बारा ग्रॅम देतात, घट्ट वरणाची वाटी सात-आठ. चून (पिठलं), ताक, सोयाबीनच्या वड्या, दाणे याच हिशेबात धरा.

पूर्व विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तुमची तपासणी झाली नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्या; अशा बाईला पाणी कमी पडणं आणि थंडी दोन्ही बाधतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवा.

आकार पाहून घाबरणं

सुरुवातीला स्तन फार वर, खालून सपाट आणि दोन्ही वेगळी दिसतात. आठव्या दिवशी आरसा पाहून रडू नका. आकार तीन ते सहा महिन्यांत बसतो. स्तनाग्राची बधिरता काही महिन्यांत बरीच उतरते, क्वचित कायमची राहते.

मात्र एकच बाजू काही तासांत फुगून कडक झाली आणि दुखणं वाढत गेलं तर आत रक्त साचत असू शकतं, लगेच दवाखाना. ताप १०१ च्या वर, लाली पसरत जाणारी, वासाचा पू, एका पोटरीत सूज आणि दुखणं: त्याच दिवशी दवाखाना. दम लागला किंवा छातीत कळ आली तर १०८.

व्रणाला जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावा, दिवसातून बारा तास, तीन महिने. व्रण वर्ष-दीड वर्ष फिके होत राहतात.

कापून काढलेला भाग तपासणीला गेला असेल तर त्याचा रिपोर्ट घेतल्याशिवाय शेवटची भेट संपवू नका. पुढे कधी मॅमोग्राफी झाली तर ऑपरेशनचं आधीच सांगा, आतले व्रण चित्रात गाठीसारखे दिसू शकतात. कार्ड, रिपोर्ट, तारीख सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाराच्या फायलीत ठेवा. ती फाइल घरात कधी हरवत नाही.