प्रोटोप्लास्ट फुटायचे थांबले

गॅनोडर्मा या औषधी अळंबीत लॅनोस्टेरॉल या स्निग्ध पदार्थापासून गॅनोडेरिक आम्लं तयार होतात. त्या वाटेवरचं एकेक जनुक क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने तोडलं की कुठलं आम्ल घटतं ते कळतं. आधी पद्धत बसवायला मी युरा३ हे जनुक घेतलं; ते शाबूत असलेली पेशी ५-एफओए या रसायनावर मरते, ते तुटलेली तग धरते; फक्त तिला स्वतः बनवता न येणारं युरिडिन हे पोषक द्रव्य बाहेरून द्यावं लागतं.

क्रिस्पर पेशीत शिरवायला आधी तिची भिंत एन्झाइमने विरघळवतात; अशी भिंत नसलेली पेशी म्हणजे प्रोटोप्लास्ट. पण जळगावच्या मे महिन्यात माझे प्रोटोप्लास्टच टिकेनात. सूक्ष्मदर्शकाखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे दिसायचे आणि बघता बघता विरून जायचे. दोष मी एन्झाइमला देत होतो. खरी चूक धुण्याच्या द्रावणात होती! एन्झाइममध्ये पेशीत जास्तीचं पाणी शिरू न देणारं ०.६ मोलर मॅनिटॉल होतं, धुताना मात्र मी साधं बफर वापरत होतो. भिंत नसलेली पेशी पाणी ओढून फुटणारच.

मग धुण्यापासून प्लेटपर्यंत सगळीकडे मॅनिटॉल घातलं, जुनं कवकजाल सोडून कोवळं घेतलं. दुपारी वीज गेली की खोली तापते, म्हणून ३० अंशांची एन्झाइमची पायरी पहाटे उरकली. ५-एफओए असलेली पण युरिडिन नसलेली प्लेटही शेजारी ठेवली, हे फार महत्त्वाचं. तिच्यावर काहीच उगवलं नाही. ५-एफओए आणि युरिडिन दोन्ही असलेल्या प्लेटवर पांढरे ठिपके आले. त्यांच्या डीएनएचा क्रम वाचला तेव्हा युरा३ खरंच तुटलेलं होतं.