लिनक्स इन्स्टॉल करताना डिस्क किंवा वाय-फाय दिसत नसेल तर

इन्स्टॉलरला डिस्क सापडली नाही किंवा वाय-फाय चालत नाही, म्हणून लगेच दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) डाउनलोड करायला घेऊ नका. आधी अडलंय कुठे ते पाहा. तो भाग, म्हणजे डिस्क किंवा वाय-फाय कार्ड, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसतोय का? दिसत असेल तर त्याला ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा कर्नलमधला प्रोग्राम, लागलाय का? आणि लागला असेल तर त्या ड्रायव्हरला त्याची फर्मवेअर फाइल (त्या भागाच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) मिळाली का? तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत.

ही तपासणी लाइव्ह मोडमध्येच, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून उरका, म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा, सगळी अक्षरं स्मॉल. प्रत्येक भागासमोर चौकोनी कंसात कोलन असलेला आयडी दिसेल. कोलनच्या आधीचा आकडा चिप बनवणाऱ्या कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटरनेटवर शोधताना हा पूर्ण आयडी टाका. लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधून फारसं हाती लागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं असू शकतात. आयडीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तर ड्रायव्हर लागलाय. नुसतं 'कर्नल मोड्यूल्स' असेल तर ड्रायव्हर उपलब्ध आहे, पण लागलेला नाही. दोन्ही ओळी नसतील तर बहुधा त्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. वेबकॅम, ब्लूटूथ आणि बाहेरून लावलेले डोंगल बहुतेक वेळा यूएसबीवर असतात, ते या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी 'एलएसयूएसबी' चालवा.

डिस्क गायब असण्यामागे इंटेलच्या मशीनवर बहुतेक वेळा बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमधलं) आरएसटी, रेड किंवा व्हीएमडी हे डिस्क हाताळण्याचं सेटिंग असतं. त्यात एनव्हीएमई डिस्क (नव्या लॅपटॉपमधली वेगवान एसएसडी) कंट्रोलरच्या आड जाते आणि लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरला ती सापडत नाही. व्हीएमडीसाठी कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर आहे, त्यामुळे काही मशीनवर काही न बदलताही डिस्क दिसते. 'एलएसबीएलके' ही आज्ञा डिस्कची यादी दाखवते, तिच्यात ती आली तर बायोसला हात लावू नका. आली नाही तर एएचसीआय (डिस्कचं साधं सेटिंग) निवडा किंवा व्हीएमडी बंद करा. मात्र दोन डिस्कचा खरोखरचा रेड असेल, म्हणजे त्या एकत्र जोडून वापरल्या असतील, तर हे करू नका, डेटा हातचा जाईल.

विंडोजही ठेवायचं असेल तर क्रम चुकवू नका. सेटिंग थेट बदललं तर विंडोजला बूट होताना लागणारा ड्रायव्हर मिळत नाही आणि निळा स्क्रीन येतो.

१. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.
२. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक करा.
३. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडून (किंवा व्हीएमडी बंद करून) सेव्ह करा.
४. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. इथे पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या.
५. सेफ बूटची टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा, मग लिनक्सचा पेनड्राइव्ह लावा.

वाय-फायसाठी आधी 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) पाहा, वाय-फाय बंद करून ठेवलंय का ते त्यात कळतं. सॉफ्ट ब्लॉक असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल'. हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा एफएनची जोडी दाबावी लागेल. ब्लॉक नसेल तर 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअर हा शब्द शोधा. 'एरर -२' म्हणजे फाइल सापडली नाही. पण इंटेलचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीपासून जुन्याकडे एकेक फाइल मागत जातो, त्यामुळे अशा दोन-तीन ओळींनंतर 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आलं असेल तर तिथे बिघाड नाही. २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेलं) फर्मवेअर असतं. त्याआधीच्या इन्स्टॉलरमध्ये ते वेगळं द्यावं लागतं. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपना मात्र अजूनही नंतर डाउनलोड करून द्यावं लागतं. वाय-फाय नसताना डाउनलोड कसं करायचं? फोन यूएसबी केबलने जोडा आणि त्यात यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून देणं) सुरू करा. बहुतेक डिस्ट्रोंवर अँड्रॉइड फोन लगेच नेटवर्क कार्डासारखा दिसतो.

पॅकेज टाकूनही ड्रायव्हर लागत नाही आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येतंय? मग सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड अडवणारी सोय) आडवं आलंय. ब्रॉडकॉमचा किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार झाला असेल, तर त्याची सही कर्नलला ओळखीची नसते. उबुंटू अशा वेळी एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक', म्हणजे तुमच्या मशीनची सहीची की नोंदवायची का, असं विचारतं. तिथे तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. तो हुकला तर की नोंदली जात नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

बूट होताना काळा स्क्रीन आला तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा. हे फक्त इन्स्टॉल पार पडेपर्यंत. योग्य ग्राफिक्स ड्रायव्हर बसला की काढून टाका, नाहीतर रिझोल्यूशन कमीच राहतं.

टचपॅड किंवा आवाज नसेल आणि मशीन अगदी नवं असेल तर बऱ्याचदा कर्नल जुना पडतो. त्याच डिस्ट्रोची नवी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) लाइव्ह मोडमध्ये चालवून पाहा. इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर आवाजासाठी एसओएफ फर्मवेअरचं पॅकेज लागतं: डेबियनवर 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', आर्चवर 'एसओएफ-फर्मवेअर'.