विशेष मुलासाठी मदत शोधताना या चुका टाळा

‘मदत कुठे मिळेल?’ हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा बहुतेकांनी एका थेरपी सेंटरचं तीन महिन्यांचं पॅकेज आधीच घेतलेलं असतं. पैसे जातात, ते परवडलं एक वेळ. पण चुकीच्या क्रमाने गेल्यामुळे मुलाचं जे वर्ष जातं, त्याची भरपाई होत नाही. महाराष्ट्रात मदत आहे, बरीचशी सरकारी आणि मोफत आहे. ती हातात न येण्याची कारणं मात्र घरोघरी तीच ती असतात.

‘मुलगे उशिराच बोलतात’

हे वाक्य आजीने म्हटलं तर समजून घेता येतं, पण ते ऐकून थांबू नका. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडून बोलणं नाही, हाक मारली तर बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच महिन्यात तपासणी करा. शिकलेले शब्द गेले असतील तर त्याच आठवड्यात.

सुरुवात कानापासून. ‘ताटली वाजवली की वळतो, म्हणजे ऐकू येतं’ ही तपासणी नव्हे. बऱ्याच मुलांना ताटलीचा, दाराचा आवाज येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज पोहोचत नाहीत, म्हणून बोलणं अडतं. ओएई किंवा बेरा ही यंत्राने केली जाणारी ऐकण्याची चाचणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत ती होते, जिल्हा रुग्णालयातही विचारा. ऐकण्याचा दोष न तपासता वर्षभर स्पीच थेरपी चाललेली मुलं आहेत, याचं फार वाईट वाटतं.

सरकारी दार न ठोठावणं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिथे, पाठवलं जातं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर एका छताखाली असावेत अशी त्याची रचना आहे. काही जिल्ह्यांत पदं रिकामी असतात, हे खरं. तरी नाव नोंदवा. तिथल्या केसपेपरचा पुढे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी उपयोग होतो. खासगी थेरपी चालू असली तरी हे सोडू नका.

प्रमाणपत्र ‘नंतर बघू’ म्हणणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

एका घरात काय झालं पाहा. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना ‘विकास उशिरा’ असं निदान झालं आणि बौद्धिक अक्षमतेचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी फाइलवर ‘ऑटिझम’ (स्वमग्नता) लिहिलं. घरच्यांनी थेरपी बदलली, प्रमाणपत्र तसंच राहिलं. त्याच्या कोपऱ्यात मुदत संपण्याची तारीख होती, ती कोणी वाचली नाही. आठ महिन्यांची थेरपीची बिलं विम्याकडे पाठवली, ती परत आली. मग धावपळ. मंगळवारी जिल्हा रुग्णालयात गेले, तर प्रमाणपत्र देणारं अपंग बोर्ड बुधवारी बसतं. बुधवारी गेले, तर सायकॉलॉजिस्ट गुरुवारी येतात. तिसऱ्या खेपेला तीन तास एसटीत बसून पेंगुळलेल्या मुलाची बुद्ध्यांक चाचणी झाली. त्या गुणांवर प्रमाणपत्रातली अक्षमतेची टक्केवारी ठरली.

यातलं प्रत्येक पाऊल टाळता आलं असतं. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: बोर्ड कोणत्या वारी, सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी, आणि ऑटिझमसाठीची ‘इसा’ चाचणी तिथेच होते का. इसामध्ये ४० मुद्दे असतात. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. लांबून येत असाल तर आदल्या संध्याकाळी पोहोचा. मुलाचा खाऊ आणि आवडतं खेळणं बरोबर असू द्या. निदान बदललं की प्रमाणपत्र बदलून घ्या. मुदतीच्या सहा महिने आधीची आठवण फोनमध्ये आजच लावा.

प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी. आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. बाल आधार काढलं असेल तर पाचव्या वर्षी बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं, हे विसरू नका.

कोणत्या नावाने जायचं हेही आधी समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता त्यात येतात. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, स्वतंत्रपणे येत नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर त्या नावाने तपासणी होते, पण ते प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही. पहिलीतल्या मुलासाठी त्याच्यामागे धावू नका, मुलाला वाचायला शिकवणारा शिक्षक शोधा.

प्रमाणपत्रावर अक्षमता ४० टक्के किंवा जास्त आली की दारं उघडतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मात्र ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांनाच. थेरपी सुचवणारी डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ बिलं दर महिन्याला लावा, वर्षभर साठवू नका. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत पालकांना ७५ हजारांची, ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची वजावट आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च झाले, हे ग्रामपंचायतीत विचारा. पालक विचारतच नाहीत.

पाटी वाचून थेरपिस्ट निवडणं

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्यांचा सीआरआर क्रमांक, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मागा. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे तो नसेल तर बिचकू नका, त्यांची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलकडे असते. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे मूल सोपवू नये.

‘तीन महिन्यांत बोलता करतो’ असं कोणी सांगितलं तर तिथून निघा. स्टेम सेल उपचारांचंही तेच. ऑटिझमसाठी ते शिफारस करण्याजोगे नाहीत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यासाठी घर गहाण टाकू नका.

शाळेचा नकार तोंडी ऐकून परत येणं

‘आमच्याकडे सोय नाही’ हे लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. मग पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जा. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक नेमलेले असतात, शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवण्याचीही तरतूद आहे. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत जातो; नववीतच मुख्याध्यापकांशी बोला.

‘फार त्रास देतो’ एवढंच सांगणं

एवढ्यावर कोणताही तज्ज्ञ नेमकं सांगू शकत नाही. दहा दिवस वहीत लिहा: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, किती वेळ, नंतर तुम्ही काय केलंत. उदाहरणार्थ: ‘सोमवार, संध्याकाळी ६.४०. मिक्सर लावला. कान झाकले, डोकं भिंतीवर आपटलं. चार मिनिटं. मिक्सर बंद केला, शांत झाला.’ अशा नोंदी चारदा दिसल्या की आवाज सहन होत नाही हे कळतं, आणि ‘हट्टी आहे’ हा शब्द घरातून जातो. दोन मिनिटांचा व्हिडिओही जवळ ठेवा, कारण दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं बसतं.

तुमचीच झोप उडाली असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. तो पालकांसाठीही आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मूल सतरा वर्षांचं झालं की जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीची चौकशी सुरू करा. अठराव्या वर्षानंतर ‘आम्ही आई-बाप आहोत’ एवढ्यावर बँक सही घेत नाही. निरामयच्या त्याच चार प्रकारांत कायदेशीर पालकत्व ही समिती देते, आणि त्या अर्जालाही चालू मुदतीचं प्रमाणपत्र लागतं.